जमिनीखालच्या रोमचा नकाशा काढणारा इंजिनिअर

सिव्हिल इंजिनिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? पिवळं हेल्मेट, सिमेंटची पोती आणि कुठेतरी उभा राहत असलेला पूल. म्हणजे जे काही आहे ते सगळं जमिनीच्या वर! जमिनीखाली आपला संबंध फक्त पायापुरता. बोअर घ्यायचा, मातीचे नमुने लॅबमध्ये टाकायचे, बेअरिंग कपॅसिटी काढायची, आणि एकदा काँक्रीट ओतलं की खाली काय होतं ते कुणी विचारत नाही.

पण दीडशे वर्षांपूर्वी इटलीत एक इंजिनिअर होऊन गेला, ज्याने जन्मभर हेच विचारलं. खाली काय आहे? किती खोल आहे? आणि ते कुणी लिहून ठेवलंय का? त्याचं नाव रोदोल्फो लान्चानी. पुरातत्त्वाच्या जगात हे नाव फार मोठं आहे. आपल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत मात्र ते कुठे सापडत नाही. खरं तर तो आपल्याच बिरादरीतला माणूस, म्हणून हा लेख.

लान्चानीचा जन्म १८४५ सालचा. रोमजवळच्या मोंतेचेलिओ या टेकडीवरच्या छोट्या गावात आज त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. शिक्षण मात्र रोममध्ये झालं. आधी तत्त्वज्ञान आणि गणित, मग इंजिनिअरिंग. त्या काळी रोम हे इटलीच्या राजाचं शहर नव्हतं, तिथे पोपचं राज्य होतं. शहर लहान आणि झोपाळू. भोवती प्राचीन तटबंदी भलीमोठी, पण तिच्या आतला बराचसा भाग म्हणजे द्राक्षमळे, बागा आणि सरदारांच्या हवेल्या. गुरं चरायची ती जागा म्हणजे एकेकाळी जगावर राज्य करणाऱ्यांचा भर चौक होता, हे सांगूनसुद्धा खरं वाटलं नसतं.

डिग्रीच्या सुमारासच त्याला पहिलं काम मिळालं. टायबर नदीच्या मुखाजवळ पोर्तुस नावाचं प्राचीन बंदर होतं. सम्राट ट्रॅजनने तिथे षटकोनी आकाराची गोदी बांधून घेतली होती. ही जमीन तोर्लोनिया नावाच्या राजघराण्याची. त्यांच्या खोदकामात लान्चानीने तिथल्या भिंती, गोदामं, कालवे मोजले आणि १८६८ मध्ये त्यावर अभ्यास छापला. वय वर्षं तेवीस! आपल्याकडे या वयात पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर कधी येणार याची वाट बघणं चालू असतं. याने एक आख्खं बुडालेलं बंदर कागदावर आणलं होतं.

मग आला २० सप्टेंबर १८७०. इटलीच्या सैन्याने रोमची भिंत फोडली, पोपची सत्ता संपली आणि पुढच्याच वर्षी रोम नव्या देशाची राजधानी झालं. राजधानी म्हटली की काय काय लागतं ते आपल्याला माहीतच आहे. मंत्रालयं, कोर्ट, बँका, रुंद रस्ते, गटारं, आणि हजारो कारकुनांना राहायला घरं. १८७० च्या आसपास दोन लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १९०१ पर्यंत चार लाखांच्या वर गेली. बिल्डर लोकांची चांदी झाली. द्राक्षमळे विकले गेले, हवेल्या पाडल्या गेल्या आणि सगळीकडे एकाच वेळी खोदायला सुरुवात झाली.

आणि रोममध्ये खोदायचं म्हणजे नुसती माती निघत नाही ना!

इथे थोडं थांबून हे थर येतात कुठून ते बघू. शहर काही आपोआप जमिनीत जात नाही. जुनी इमारत पडली की तिचा राडारोडा उचलून लांब टाकण्यापेक्षा तो तिथेच पसरून त्यावर नवीन बांधणं स्वस्त पडतं. हे गणित दोन हजार वर्षांपूर्वीही तेच होतं. नदीला पूर आला की गाळ बसतो. टेकडीवरची माती पावसाने खाली येते. आग लागते, छप्परं कोसळतात. असं शतकानुशतकं चाललं की जमीन वर येत जाते आणि जुनं शहर खाली राहतं. रोमच्या सखल भागात आजचा रस्ता आणि प्राचीन रस्ता यांच्यात आठ-दहा मीटरचं अंतर सहज निघतं. तिथलं सान क्लेमेंते हे चर्च याचं उत्तम उदाहरण. वरचं चर्च बाराव्या शतकातलं, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं दुसरं चर्च आणि त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारती. तीन मजली बिल्डिंग, पण जमिनीच्या खाली!

तर अशा शहरात १८७२ साली नगरपालिकेने एक पुरातत्त्व आयोग नेमला आणि त्याचा सेक्रेटरी झाला सत्तावीस वर्षांचा लान्चानी. पुढे सरकारी खोदकामांवरही त्याने इंजिनिअर म्हणून काम केलं. त्याचा दिवस साइटवर जायचा. कुठे पाया खणला जातोय, कुठे ड्रेनेजची लाइन टाकतायत, तिथे हा नोंदवही घेऊन हजर. भिंत दिसली की जाडी मोजायची, दिशा बघायची, विटेवर शिक्का असेल तर उतरवून घ्यायचा, स्केच काढायचं. वेळ थोडा, कारण दोन दिवसांनी तिथे नवीन पाया भरला जाणार आणि ती भिंत एकतर फुटणार किंवा कायमची झाकली जाणार.

सापडलं तरी किती? १८७२ नंतरच्या काही वर्षांचा हिशोब त्याने स्वतः आपल्या पुस्तकात दिला आहे. चांगल्या स्थितीतले १९२ संगमरवरी पुतळे, १,८२४ शिलालेख, मातीचे २,३६० दिवे आणि ३६,६७९ नाणी. ही यादी पुढेही बरीच लांब आहे. स्टोअरकीपरचं स्टॉक रजिस्टर वाचतोय असं वाटतं. फरक एवढाच की इथला माल सीझरच्या काळचा आहे.

सगळंच काही सुंदर नव्हतं. एस्क्विलिनो टेकडीवर नवीन वस्तीचं काम चालू असताना त्याला प्राचीन काळचे खड्डे सापडले. गरिबांची प्रेतं, मेलेली जनावरं, शहराचा कचरा, सगळं एकत्र टाकलेलं. दोन हजार वर्षं झाली तरी त्या मातीला अशी दुर्गंधी येत होती की मजुरांना मधून मधून बाहेर काढून विश्रांती द्यावी लागायची. रोमचं वैभव सांगणारी पुस्तकं खूप आहेत. त्याच वैभवाच्या वेशीवर गरिबांचं काय होत होतं ते या खड्ड्यांनी सांगितलं, आणि लान्चानीने तेसुद्धा पुतळ्यांइतक्याच काळजीने लिहून ठेवलं.

१८८५ मध्ये क्विरिनाल टेकडीच्या उतारावर एका नाट्यगृहाचं बांधकाम चालू असताना ब्राँझचा एक बसलेला मुष्टियोद्धा निघाला. थकलेला, नाक फुटलेलं, कानाला जखमा, मान वळवून कुणाकडे तरी बघणारा. आज तो रोमच्या पालात्सो मास्सिमो संग्रहालयात आहे आणि जगातल्या सर्वोत्तम ब्राँझ पुतळ्यांत त्याची गणना होते. लान्चानी तिथे हजर होता. मातीतून हळूहळू वर येणारा तो माणूस बघून तो अगदी हेलावून गेला. पण इंजिनिअर जागाच होता! भोवतीची माती चाळणीतून काढल्यासारखी बारीक आहे हे त्याने टिपलं. म्हणजे पुतळा कोसळून गाडला गेला नव्हता, कुणीतरी तो मुद्दाम, जपून पुरला होता. नुसता पुतळा उचलून नेणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. वस्तूइतकीच तिच्या भोवतीची माती महत्त्वाची असते.

अजून एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मे १८८९ मध्ये नदीकाठी नवीन न्यायालयाचा पाया खणताना दोन दगडी शवपेट्या सापडल्या. एक क्रेपेरेया त्रिफेना नावाच्या तरुण मुलीची होती. पेटीत स्वच्छ पाणी भरलेलं. झाकण काढल्यावर दिसलं की तिचे केस पाण्यात तरंगतायत. बातमी पसरली आणि लोक बघायला धावले. नंतर लक्षात आलं, ते केस नव्हते, कवटीवर वाढलेली पाणवनस्पती होती. पण तिच्याजवळची बाहुली मात्र खरी होती. हात, पाय, कोपरे, गुडघे, सगळे सांधे हलणारी! आपण किनेमॅटिक्समध्ये ज्या जॉइंट्सच्या आकृत्या काढून वैतागतो, ते कुठल्यातरी कारागिराने जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वी एका मुलीच्या खेळण्यात बसवले होते. ही बाहुली नंतर सेंत्राले मोंतेमार्तिनी या संग्रहालयात ठेवली गेली. हे संग्रहालय म्हणजे जुनं पॉवर स्टेशन आहे. तिथे प्रचंड डिझेल इंजिनांच्या शेजारी संगमरवरी देवदेवता उभ्या आहेत. मेकॅनिकलवाल्यांनी रोमला गेल्यावर चुकवू नये.

आता प्रश्न असा पडतो, की एवढं सगळं दिसत असताना त्याने बांधकामं थांबवली का नाहीत? उत्तर सरळ आहे. ते त्याच्या हातात नव्हतं, आणि बहुतेक त्याला तसं पूर्णपणे वाटतही नव्हतं. नव्या राजधानीला घरं हवीत हे त्यालाही कळत होतं. तो त्याच नगरपालिकेच्या आयोगाचा नोकर होता, जी नगरपालिका रस्ते पाडत होती. लुदोविसी सरदारांची अप्रतिम बाग त्याच काळात प्लॉट पाडून विकली गेली. टायबरला डिसेंबर १८७० मध्ये मोठा पूर आला, म्हणून नदीच्या दोन्ही काठांना उंच रिटेनिंग वॉल बांधायचं ठरलं. त्या कामात १८७९ मध्ये एक प्राचीन हवेली निघाली. तिची चित्रं भिंतीवरून काढून संग्रहालयात नेली, पण हवेलीच्या जागी नदी आणि भिंत आली. कुणाला दोष द्यायचा? पुरात बुडणाऱ्या वस्तीला भिंत नको होती असं कोण म्हणेल?

शिवाय हा नाश काही नवीन नव्हता, हे लान्चानीला चांगलं माहीत होतं. १८८३ मध्ये फोरममध्ये व्हेस्टल कुमारिकांचं निवासस्थान खणताना त्याला पुतळ्यांचा एक ढीग सापडला. सरपण रचावं तसे रचलेले पुतळे. कशासाठी? चुनाभट्टीत टाकण्यासाठी! मध्ययुगात संगमरवर भाजून चुना करायचे आणि तो नवीन बांधकामाला वापरायचे. त्यातले काही पुतळे कसे कोण जाणे भट्टीत जायचे राहिले. या सगळ्या नासधुशीचा इतिहास त्याने १८९९ मध्ये स्वतंत्र पुस्तकात लिहिला. रोम परकीय टोळ्यांनी जाळलं म्हणून संपलं, असा सर्वसाधारण समज असतो. त्याने दाखवून दिलं की रोमच्या लोकांनीच, दगडाच्या आणि चुन्याच्या हव्यासापायी, आपलं शहर शेकडो वर्षं खाल्लं.

त्याच्या आयुष्याला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवून उपयोग नाही. त्याची पहिली बायको अमेरिकन होती, अमेरिकेत त्याची व्याख्यानं गाजली होती, आणि तिकडच्या श्रीमंत संस्थांशी ओळखी होत्या. १८८० च्या दशकात बोस्टनच्या ललित कला संग्रहालयासाठी त्याने रोममधून प्राचीन वस्तू मिळवून दिल्या. एकीकडे सरकारी अधिकारी म्हणून त्या वस्तूंचा राखणदार, दुसरीकडे परदेशी गिऱ्हाइकाचा एजंट. यावरून वादळ उठलं आणि १८९० च्या सुमारास त्याला सरकारी कामातून बाजूला व्हावं लागलं. आजच्या भाषेत ज्याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात, तो हाच. कितीही मोठा माणूस असला तरी हे बरोबर होतं असं म्हणता येणार नाही.

पण गंमत बघा. ज्या कामासाठी आज जग त्याला ओळखतं, ते काम त्याच्या नावाला हा डाग लागल्यानंतर छापून बाहेर पडलं.

वीसहून अधिक वर्षं तो एका नकाशाची तयारी करत होता. नाव फॉर्मा उर्बिस रोमाए, म्हणजे रोम शहराचा आराखडा. हे नाव त्याने एका जुन्या नकाशावरून घेतलं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात, रोममधल्या एका भिंतीवर १५० संगमरवरी लाद्यांवर आख्ख्या शहराचा प्लॅन कोरला होता. सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर, स्केल साधारण १:२४०. घराच्या खोल्या, जिने, दुकानं सगळं त्यात होतं. आज त्याचा जेमतेम दहावा भाग तुकड्यांच्या रूपात उरलाय.

लान्चानीचा नकाशा कागदावरचा. मिलानच्या होएप्ली प्रकाशनाने तो १८९३ ते १९०१ या काळात छापला. एकूण ४६ शीट्स, स्केल १:१०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. सगळ्या शीट्स जोडल्या तर साधारण पाच मीटर बाय सात मीटर. हॉस्टेलच्या रूममध्ये मावणार नाही, मेसमध्ये पसरावा लागेल!

त्याची खरी कमाल रंगांत आहे. प्राचीन अवशेष काळ्या रंगात, त्यानंतरचं शहर लाल रंगात आणि १८७१ नंतरची नवी बांधकामं निळ्या रंगात. एकावर एक. म्हणजे निळ्या रस्त्याच्या मधोमध काळी भिंत दिसली, की समजायचं, इथे डांबराखाली प्राचीन रोम आहे. ऑटोकॅडमध्ये आपण लेयर करतो, एक ऑन, एक ऑफ, अगदी तीच कल्पना, पण कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी आणि हाताने. यात नुसती त्याची स्वतःची मोजमापं नव्हती. जुन्या चित्रकारांची स्केचेस, वकिलांच्या दफ्तरातले खोदकामाचे परवाने, व्हॅटिकनमधले हिशोबाचे कागद, अठराव्या शतकातला जांबात्तिस्ता नोल्लीचा गाजलेला नकाशा, या सगळ्याचा त्याने आधार घेतला. चारशे वर्षांपूर्वी कुणी कुठे खणलं आणि काय मिळालं हे शोधून त्याने ते नकाशावर जागच्या जागी बसवलं. पुढे १९०२ पासून रोममधल्या खोदकामांचा इतिहास त्याने चार खंडांत वेगळा छापला.

मर्यादाही होत्या. प्राचीन रोम म्हणजे हजार-बाराशे वर्षांचा काळ, आणि त्या सगळ्याला एकच काळा रंग. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं हे नकाशावरून लगेच कळत नाही. त्याच्यानंतर जाकोमो बोनी नावाच्या आर्किटेक्टने १८९८ पासून फोरममध्ये एकेक थर वेगळा ओळखून खणायला सुरुवात केली. लान्चानीने शहराची लांबी-रुंदी दिली, खोलीचं वाचन बोनीसारख्यांनी शिकवलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

बाकी त्याचं आयुष्य मानमरातबाचं गेलं. विद्यापीठात त्याने अनेक दशकं रोमची प्राचीन भूरचना शिकवली. पहिल्या शतकातल्या फ्रॉन्टिनस या पाणीपुरवठा अधिकाऱ्याच्या ग्रंथावर आणि रोमच्या जलवाहिन्यांवर त्याने केलेला अभ्यास आजही वापरला जातो. लंडनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेने १९०० मध्ये त्याला आपलं रॉयल सुवर्णपदक दिलं. १९११ मध्ये तो इटलीचा सिनेटर झाला, आणि त्याच वर्षी डायोक्लेशनच्या स्नानगृहात भरलेलं मोठं पुरातत्त्व प्रदर्शन त्याने उभं केलं. २२ मे १९२९ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९३२ मध्ये, मुसोलिनीच्या राजवटीने कोलोसियमपर्यंत सरळ रस्ता नेण्यासाठी वेलिया नावाची आख्खी टेकडी कापून काढली. तिच्याबरोबर तिच्यातले थरही गेले. इतिहास पुन्हा तिथेच आला.

पण नकाशा उरला. रोममध्ये आज कुठेही पाया घ्यायचा तर आधी खाली काय असू शकतं ते बघावं लागतं, आणि ते बघणारे अभ्यासक अजूनही लान्चानीच्या शीट्स उघडतात. २००७ मध्ये रोमच्या पुरातत्त्व खात्याने सिटार नावाची डिजिटल नकाशा यंत्रणा सुरू केली. प्रत्येक खोदकामाची नोंद त्यात ठिकाणासकट जाते. आपण ज्याला जी.आय.एस. म्हणतो तेच. मेट्रोच्या सी लाइनचं सान जोव्हान्नी स्टेशन २०१८ मध्ये सुरू झालं. तिथे जिना उतरता उतरता भिंतीवर दिसतं की आता आपण कुठल्या शतकाच्या खोलीवर आहोत. खोदताना सापडलेल्या वस्तूही तिथेच मांडल्या आहेत. मेट्रोही झाली आणि इतिहासही नोंदला गेला.

हे सगळं रोमचं कौतुक झालं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण रोमचा एक थर आपल्या मातीतही आहे! कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. तिथे १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तू सापडल्या आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने रीतसर उत्खनन केलं. त्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटीशी रोमन मूर्ती होती. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळात रोमशी चाललेल्या व्यापाराचा हा पुरावा आपल्याच एका शहराच्या पोटात पडून होता. नाशिक, पैठण, तेर, जुन्नर ही आपली गावंही अशीच थरांवर थर चढवून उभी आहेत, आणि रोज कुठेतरी जे.सी.बी. चालूच आहे.

आपल्यातले निम्मेअधिक जण दोन वर्षांत कुठल्या ना कुठल्या साइटवर उभे असतील. वरून प्रेशर असणार, कॉन्ट्रॅक्टरला घाई असणार, आणि खड्ड्यात कधीतरी जुन्या विटांची ओळ दिसणार. काम थांबवायचं की नाही हे बहुतेक आपल्या हातात नसेल. लान्चानीच्याही नव्हतं. पण फोटो काढणं, लेव्हल घेणं, ठिकाण लिहून संबंधित खात्याला कळवणं हे नक्की आपल्या हातात आहे. त्याने वाचवलेल्या भिंती मोजक्याच आहेत, नोंदवलेल्या हजारो. आणि ज्या भिंती आज कुठेच नाहीत, त्या निदान त्याच्या कागदावर तरी अजून उभ्या आहेत.

— टी. ई. सिव्हिल